दिनदीप, मोटारगाडीचे
मोटारगाडी दिवसा रस्त्यावरून जात असता ती समोरून येणाऱ्यांच्या चटकन नजरेस यावी, यासाठी तिच्या पुढील बाजूस बसविलेल्या पांढऱ्या प्रकाशाच्या दिव्यांना दिनदीप म्हणतात. एंजिन सुरू होताच ते आपोआप लागतात आणि अग्रदीप (पुढील मोठे दिवे) लावले की विझतात किंवा मंद होतात. अग्रदीपांचे कार्य चालकाला रस्ता दाखविणे हे, तर दिनदीपांचे कार्य गाडी इतरांना दाखविणे हे होय. त्यामुळे त्यांना थोडी दीप्ती पुरते. संयुक्त राष्ट्रांच्या यूरोपीय आर्थिक आयोगाच्या ८७ क्रमांकाच्या विनियमाने प्रत्येक दिव्यासाठी किमान ४०० व कमाल १,२०० कँडेला अशी मर्यादा घातली.

इतिहास : दिवसा दिवे लावण्याची सक्ती प्रथम उत्तर यूरोपात झाली. तेथे हिवाळ्यात सूर्य क्षितिजालगत राहतो, संधिप्रकाश लांबतो आणि सूचिपर्णी अरण्यांतून जाणाऱ्या रस्त्यांवर गडद सावल्या पडतात. अशा पार्श्वभूमीवर गडद रंगाची गाडी उशिरा ओळखू येते. फिनलंडने १९७२ मध्ये वस्तीबाहेरच्या रस्त्यांवर हिवाळ्यापुरते दिवे सक्तीचे केले. स्वीडनने १ ऑक्टोबर १९७७ पासून ही सक्ती वर्षभरासाठी लागू केली. नॉर्वेत ती १९८५ मध्ये नव्या व १९८८ मध्ये सर्व गाड्यांना, तर डेन्मार्कमध्ये १९९० मध्ये लागू झाली. कॅनडाने १ डिसेंबर १९८९ पासून तयार होणाऱ्या गाड्यांत दिनदीप असणे आवश्यक ठरविले. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत १९९३ पासून ते ऐच्छिक राहिले. तेथे अग्रदीपांचाच दूरचा झोत कमी दाबावर वापरण्याची पद्धत रूढ झाली व डोळे दिपण्याच्या तक्रारी वाढल्या. यूरोपीय संघाने ७ फेब्रुवारी २०११ पासून मोटारगाड्यांच्या नव्या नमुन्यांत दिनदीप बंधनकारक केले.

त्यांच्या उपयुक्ततेविषयी मतभेद आहेत. नॉर्वेतील संशोधक रूने एल्विक यांनी १९९६ मध्ये १७ अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण करून, दिवसा दोन वा अधिक वाहनांत होणारे अपघात यामुळे १० ते १५ टक्क्यांनी कमी होतात, असा निष्कर्ष काढला. उलट अमेरिकेतील २००८ च्या शासकीय अभ्यासात एकंदरीने लक्षणीय परिणाम आढळला नाही. ऑस्ट्रियाने २००५ मध्ये लागू केलेली सक्ती २००८ च्या आरंभी मागे घेतली. दिवे लावलेल्या मोटारींच्या गर्दीत पादचारी व दुचाकीस्वार दुर्लक्षिले जातात, हा तेथील एक प्रमुख आक्षेप होता.

जुन्या गाड्यांवरील योजना : हाच आक्षेप जुन्या मोटारींनाही लागू पडतो. दिनदीप बसविण्याचे नियम सामान्यतः नव्या गाड्यांपुरते असतात. त्यामुळे रस्त्यावरील इतर गाड्या उजळत गेल्या, तशी दिवा नसलेली जुनी गाडी तुलनेने अदृश्य होत गेली. तीत दिनदीप बसवावेत, तर मुख्य अडचण विजेची होती.

सु. १९६० च्या दशकापर्यंत बहुतेक यूरोपीय गाड्यांत आल्टरनेटरऐवजी डायनॅमो असे. १९६२ ते १९६७ या काळातील एमजीबी या ब्रिटिश गाडीतील ल्यूकस सी४० डायनॅमो जास्तीत जास्त २२ अँपिअर प्रवाह देई व मंद गतीला बॅटरी जवळजवळ भारित करीत नसे. अशा गाडीत ५५ वॉटचे दोन हॅलोजन दिवे व त्यांच्या जोडीने मागील दिवे दिवसभर लावल्यास सु. १३० वॉट, म्हणजे १२ व्होल्टला सु. ११ अँपिअर खर्च होतात. डायनॅमोची निम्मी क्षमता त्यातच जाते. सहा व्होल्टच्या गाड्यांत तेवढ्याच शक्तीसाठी दुप्पट प्रवाह लागतो. त्यामुळे जुन्या तारा व बटणे तापतात. दोन दिवे एकसरीत जोडल्यास प्रत्येकास निम्मा दाब मिळतो. परंतु तंतुदीपाचा प्रकाश दाबापेक्षा फार वेगाने घटत असल्याने तो निम्मा न राहता सु. एकदशांशावर येतो. स्वीडनमध्ये व्होल्व्होने आपल्या २४० मालिकेत पुढील कोपऱ्यांत २१ वॉटचे स्वतंत्र दिवे देऊन या प्रश्नातून मध्यम मार्ग काढला होता.

प्रकाश-उत्सर्जक डायोडांमुळे (एलईडी) ही अडचण दूर झाली. जपानमध्ये १९९३ मध्ये तेजस्वी निळा डायोड सिद्ध झाल्यावर पांढऱ्या प्रकाशाचा मार्ग खुला झाला. आउडी ए८ गाडीच्या १२ सिलिंडरांच्या नमुन्यात २००४ मध्ये डायोडांचे दिनदीप आले. अशी जोडी साधारणतः १० ते २० वॉटमध्ये काम करते. जुना डायनॅमो हा भार सहज पेलतो. मात्र तंतुदीपाला प्रवाहाची दिशा कोणतीही चालते, डायोडाला चालत नाही. अनेक जुन्या ब्रिटिश गाड्यांत बॅटरीचे धन टोक सांगाड्याला जोडलेले असते. म्हणून अशा गाडीत दिव्याचे धातूचे आवरण सांगाड्यापासून विलग ठेवावे लागते व जोडणी उलट करावी लागते.

यानंतर प्रश्न उरतो तो मूळ स्वरूपाचा. जुन्या वाहनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने स्वीकारलेल्या ट्यूरिन सनदेनुसार सुरक्षिततेसाठी केलेले बदल शक्यतो मागे घेता येण्याजोगे असावेत व काढलेले मूळ भाग गाडीबरोबर जपून ठेवावेत. म्हणून पत्र्याला भोके न पाडता बंपरच्या वा जाळीच्या मूळ बोल्टांवर दिवे बसवितात, तारांना वेगळा फ्यूज देतात व मूळ तारा न कापता जोडणी करतात. काही जण मूळ पार्श्वदीपाच्याच खोबणीत डायोडाचा दिवा घालतात. परंतु त्याचा प्रकाश भर दुपारी बहुधा अपुरा पडतो.

भारतात १ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचे अग्रदीप सतत चालू राहणे आवश्यक करण्यात आले. पन्नास वर्षांहून अधिक जुन्या, मूळ स्वरूपात राखलेल्या खासगी गाड्यांसाठी २०२१ मध्ये स्वतंत्र नोंदणी सुरू झाली असून, मोठे फेरफार न झालेल्या गाड्याच तीस पात्र ठरतात. त्यामुळे अशा गाडीवर दिनदीप बसविताना तो खूण न ठेवता काढता येईल, अशी योजना करणे येथेही महत्त्वाचे ठरते.