वही मालकाची

लालबाग-परळच्या गणेशोत्सव मंडळांवर टीका करण्यासारखे पुष्कळ आहे. परंतु एक गोष्ट त्यांच्या बाजूने मान्य करावी लागते: वर्गणी घेतली की जमाखर्च मांडावा लागतो. अहवालाच्या शेवटच्या पानांवर मंडप, वीज, बँडपथक यांचे आकडे येतात आणि चाळीतला कोणीही त्यांवर बोट ठेवू शकतो. याच शहरातील मोठ्या फुटबॉल संघांच्या वाट्याला असा प्रश्नकर्ता कधी आला नाही, असे आम्हांस वाटते.

फुटबॉल येथे रुजला तो प्रथम लष्करी पलटणींच्या आणि पुढे गिरण्या-कंपन्यांच्या आश्रयाने. १८९१ साली सुरू झालेल्या रोव्हर्स चषकात कालांतराने मफतलाल, टाटा, महिंद्र ही नावे दिसू लागली. खेळाडूला नोकरी मिळे, पगारपत्रकावर नाव लागे. संघ मात्र मालकाच्या वहीतली एक ओळ असे. १९८२ च्या संपानंतर गिरण्यांचे काय झाले, हे आपण जाणतो. जयंत पवारांच्या 'अधांतर'ने त्या पडझडीतले घर दाखवले. गिरणीच्या संघाचे मैदान मात्र आमच्या वाचनात कोठे आले नाही.

ती ओळ खोडायला तोटाच व्हावा लागतो असे नाही. २००५-०६ ची राष्ट्रीय लीग जिंकणारा महिंद्र युनायटेड २०१० मध्ये बंद झाला, तेव्हा मालक कंपनी सुस्थितीत होती. एस्सेल समूहाचा मुंबई एफसी २००७ साली स्थापन झाला, दुसऱ्या श्रेणीतून वर आला, २०१७ मध्ये तळाला जाऊन पुन्हा खाली घसरला. खालच्या श्रेणीत खेळून परत वर येणे हा या खेळाचा नित्यक्रम. येथे मालकाने दुकानच आवरले.

पुण्याचे प्रकरण याहून गंभीर. २०१४ मध्ये उभा राहिलेला एफसी पुणे सिटी वाधवान समूहाचा. १९८४ साली मुंबईत स्थापन झालेली डीएचएफएल ही गृहकर्ज कंपनी याच कुटुंबाची. जून २०१९ मध्ये तिने देणी थकवली. नोव्हेंबरात रिझर्व्ह बँकेने तिचे संचालक मंडळ बरखास्त केले. आरोपांचा निवाडा न्यायालयांचा. आम्ही केवळ तारखा शेजारी ठेवतो. कारण पुण्याचा संघही २०१९ मध्येच आर्थिक अडचणींपायी मिटला. वर्षभरापूर्वीच, २०१७-१८ च्या हंगामात, तो उपांत्य फेरीत खेळला होता. मैदानावरचे यश मालकाच्या ताळेबंदात कोठेच जमा होत नाही.

डीएचएफएलच्या दिवाळखोरीत बँकांनी आणि ठेवीदारांनी दावे मांडले. बालेवाडीत तिकीट काढून बसणाऱ्याचा दावा कोणत्या रकान्यात लिहायचा? संघाची लीगमधली जागा हैदराबादला गेली. त्या नव्या संघाने २०२१-२२ चे विजेतेपदही मिळवले. २०२३-२४ मध्ये तेथेही पगार थकले आणि खेळाडू एकेक करून निघून गेले.