सासूबाईंचं ओदालेन

बो विडरबर्ग यांचा ‘ओदालेन 31’ हा सिनेमा माझ्या सासूबाईंना आवडत नाही. 1969 साली कान महोत्सवात ज्यूरीचं विशेष पारितोषिक मिळालं, पुढे ऑस्करसाठी नामांकन झालं, याचं त्यांना काही कौतुक नाही. “फारच सुंदर आहे,” एवढंच म्हणतात, आणि त्या सुरात ती तक्रार असते. संपकरी बापाचा कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, मॅनेजरच्या मुलीवर जीव जडलेला त्याचा पोरगा, त्या पोराला रेन्वारचं नाव नीट उच्चारायला शिकवणारी मॅनेजरची बायको. सासूबाईंचं म्हणणं असं, की खऱ्या ओदालेनला वास होता. लगद्याच्या कारखान्याचा, सडक्या कोबीसारखा. दोरीवर वाळत घातलेल्या शर्टांतसुद्धा तो उतरायचा.

उत्तर स्वीडनमधल्या ओंगरमान नदीचं हे खोरं. वरच्या जंगलात तोडलेले ओंडके नदीत सोडायचे, खाली अडवून मालकाच्या खुणेनुसार वेगळे करायचे आणि काठच्या करवतगिरण्यांत चिरायचे, हा इथला जुना धंदा. पुढे फळ्यांपेक्षा कागदासाठी लगदा करून परदेशी धाडणं किफायतशीर ठरलं. गिरण्या मागे पडल्या, लगद्याचे कारखाने वाढले. त्यात 1929 नंतरची मंदी आली. दक्षिणेकडे एका कारखान्यात मजुरी कापली गेली, तिथे संप झाला आणि त्याला पाठिंबा म्हणून ओदालेनचे कामगार बाहेर पडले. मग ग्रानिंगे कंपनीने जहाजांत लगदा चढवायला बाहेरून साठेक माणसं आणली.

13 मे 1931 ला जमावाने त्यांतल्या काहींना बेदम मारलं. सासूबाई हे झाकत नाहीत. त्यांचा जन्म नंतरचा, पण त्यांचे वडील त्या गर्दीत होते. दुसऱ्या दिवशी सणाची सुट्टी होती. फ्रोनोच्या कामगारभवनात सभा झाली आणि तिथून हजारो माणसं लाल निशाणं घेऊन, बँड लावून लुन्देकडे निघाली. आणलेल्या माणसांचा मुक्काम तिथे होता, आणि त्यांच्या रक्षणाला सैन्य. गोळ्या सुटल्या. पाच जण ठार झाले. त्यांतली एरा सोडरबर्ग वीस वर्षांची, मोर्च्यात नव्हतीच. बघ्यांत उभी होती. बँडमधल्या तोरे अलेस्पोंग या कामगाराने ट्रम्पेटवर ‘गोळीबार थांबवा’चा लष्करी इशारा वाजवला.

आणि मग गावं गप्प झाली. कोणाच्या घरातलं कोण त्या वेळी संप मोडून कामावर गेलं होतं, हे सगळ्यांना ठाऊक, पण बोलायचं कोणी नाही. दुकानात एकमेकांकडे पाठ करून उभी राहणारी दोन घरं सासूबाईंनी लहानपणी पाहिली. कारण मात्र त्यांना कोणी सांगितलं नाही. सिनेमा आला तेव्हा त्यांच्या वडिलांनी थिएटरात जायला साफ नकार दिला. सासूबाई पाहून आल्या, तर दारातच विचारलं, “एराला दाखवलंय का?” उत्तराची वाट न बघता स्वतःच सांगू लागले. अडतीस वर्षांनी.

मला वाटतं, सिनेमाचं काम इथेच झालं, आणि ते त्या सुंदरपणामुळेच झालं. त्या काळी डाव्या टीकाकारांनीही विडरबर्ग यांना गोडगोड चित्रं काढल्याबद्दल धारेवर धरलं होतं. पण उपाशी चेहरे दाखवून कामगाराची कणव करणं सोपं असतं. इस्त्रीचा शर्ट घालणारा, संपामुळे मिळालेल्या रिकाम्या दिवसात मुलांशी खेळणारा बाप मेला, की काय गेलं ते कळतं.

माझे आजोबा लालबागच्या गिरणीत होते. तेही कमी बोलायचे, पण 7 नोव्हेंबर 1938 चा संप सांगायचे. मुंबई सरकारच्या औद्योगिक कलह विधेयकाने संपाच्या हक्कावर बंधनं येणार होती. डॉ. आंबेडकरांचा स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्ट त्याविरुद्ध एकत्र उतरले, आणि पोलिसांनी गोळीबार केला. कायदा झालाच. त्याच वर्षी, डिसेंबरात, स्वीडनमधल्या मालकसंघाने आणि कामगारसंघाने साल्टशोबाडेन इथे सरकारला बाहेर ठेवून आपसात करार केला. ओदालेननंतर पुढच्याच वर्षी सोशल डेमोक्रॅट सत्तेवर आले होते, तेव्हा त्या टेबलाशी कामगार रिकाम्या हाताने बसला नव्हता. आमच्या आजोबांना असं टेबल मिळालं नाही.

लुन्देला पुलाजवळ आज लेनी क्लारहेल यांचं शिल्प आहे. आम्ही गेलो की सासूबाई गाडीतून उतरतात, पण सिनेमाचा विषय काढत नाहीत. खटल्याचा काढतात. गोळीबाराचा हुकूम देणारे कॅप्टन मेस्टरटॉन अखेर निर्दोष सुटले. मोर्च्याचे पुढारी आक्सेल नूरड्स्ट्रोम यांना अडीच वर्षांची सक्तमजुरी झाली.