शाळेच्या आधी वसतिगृह

१९४९ साली चीनमध्ये कम्युनिस्ट राजवट आली, तेव्हा तिथली सुमारे ८० टक्के जनता निरक्षर होती. आपल्याकडे १९५१ च्या जनगणनेत साक्षरांचे प्रमाण भरले अवघे १८ टक्के. दोन्ही शेतकऱ्यांचे देश, आणि दोन्ही जवळपास एकाच पायरीवर उभे. पुढच्या वाटा मात्र वेगळ्या झाल्या. त्यातली एक वाट आपल्या वऱ्हाडातून जाते, आणि ती १९४९ च्या पुष्कळ आधी सुरू झाली होती.

चीनमध्ये सरकारने हुकूम काढला. शेतकऱ्याला १५०० आणि कामगाराला २००० अक्षरचिन्हे आली की तो साक्षर, असे माप १९५६ साली ठरले. त्याच वर्षी किचकट चिन्हे सोपी करण्यात आली. १९५८ मध्ये उच्चार शिकवण्यासाठी रोमन लिपीचा आधार घेतला गेला. हिवाळ्यात शेतीची कामे थांबली की गावोगाव प्रौढांचे वर्ग भरत.

वऱ्हाडाची अडचण निराळी होती. आपली मुळाक्षरे काही महिन्यांत येतात. प्रश्न होता अंतराचा आणि भाकरीचा. गावातली शाळा तीन-चार वर्गांत संपायची. पुढे शिकायचे तर अमरावती किंवा अकोला गाठायचे. पण तिथे राहायचे कुठे? जेवू कोण घालणार? ज्याचे शहरात नातेवाईक, त्याचेच पोर मॅट्रिकपर्यंत जाई. बाकीची पोरे पऱ्हाटीत कापूस वेचायला लागत.

हे दुखणे डॉ. पंजाबराव देशमुखांना पुस्तकातून कळले नव्हते. १८९८ साली पापळच्या शेतकरी कुटुंबात जन्मलेल्या या मुलाला शिक्षणासाठी गाव सोडावे लागले होते. पुढे ते बॅरिस्टर झाले, वैदिक वाङ्मयातील धर्मावर ऑक्सफर्डची डॉक्टरेट मिळवली आणि १९२६ मध्ये परतले. अमरावतीत त्यांनी आधी काय उभारले? महाविद्यालय नव्हे, तर श्रद्धानंद छात्रालय. सर्व जातींच्या मुलांना एका छताखाली ठेवायचे, ही त्यामागची कल्पना. त्या काळी ही साधी गोष्ट नव्हती; गावातल्या विहिरीवर पाणी भरतानाही जात विचारली जात होती. १९२८ साली जिल्हा कौन्सिलचे अध्यक्ष झाल्यावर त्यांनी सार्वजनिक विहिरी अस्पृश्यांसाठी खुल्या केल्या आणि शिक्षणासाठी कर वाढवला. त्यानंतर काही वर्षांतच श्री शिवाजी शिक्षण संस्था उभी राहिली. अमरावतीला १९४६ मध्ये आणि अकोल्याला १९५४ मध्ये तिची महाविद्यालये सुरू झाली.

पण मुलाला घराबाहेर काढायला आईबापांचे मन वळवावे लागते. ते काम केले गाडगेबाबांनी. शेंडगावचे, मूर्तिजापूरजवळच्या दापुऱ्याला मामाच्या घरी गुरे राखत वाढलेले बाबा स्वतः शाळेत गेले नव्हते. कीर्तनात ते अस्सल वऱ्हाडीत समोरच्यांना प्रश्न विचारत. घरातली भांडी मोडा, हातावर भाकर घेऊन खा, पण पोराला शिकवा, हा त्यांचा निरोप चिठ्ठीवाचून घराघरांत पोचला.

चीनसारखी मोहीम महाराष्ट्राने पाहिलीच नाही, असे मात्र नाही. १९५९ साली सातारा जिल्ह्यात ग्रामशिक्षण मोहीम सुरू झाली आणि पुढे ती राज्यभर पसरली. गावातले सगळे प्रौढ साक्षर झाले की ग्रामगौरव समारंभ होई. पण समारंभ संपला, वाचायला हाती काही नसले, की शिकलेली अक्षरे पुसली जात.

हिशोब प्रामाणिकपणे मांडायला हवा. वेगात चीन पुढे गेला. १९८२ पर्यंत तिथले सुमारे दोन तृतीयांश प्रौढ साक्षर झाले होते. १९८१ मध्ये आपण ४४ टक्क्यांच्या आसपास होतो. पण हुकमाने उघडलेले दार हुकमाने बंदही होते. १९६६ मध्ये सांस्कृतिक क्रांती सुरू झाली, विद्यापीठांना टाळे लागले, आणि प्रवेशपरीक्षा परत यायला १९७७ उजाडले. वऱ्हाडाने मध्यप्रांत पाहिला, मध्यप्रदेश पाहिला, द्वैभाषिक मुंबई राज्य पाहिले आणि १९६० मध्ये महाराष्ट्र. राज्ये बदलली, पण वसतिगृहातली चूल विझली नाही. कारण ती लोकांनी पेटवली होती.

फळ समोर आहे. २०११ च्या जनगणनेत राज्याची साक्षरता ८२ टक्के होती, अमरावती जिल्ह्याची ८७ आणि अकोल्याची ८८. तरी या सरासरीत मेळघाट झाकला जातो. धारणी-चिखलदऱ्याच्या कोरकू मुलाला घरची बोली एक आणि पुस्तकातली मराठी दुसरी, हे अंतरही कापावे लागते. आणि खेड्यातून अमरावतीला शिकायला येणाऱ्या मुलीच्या बापाला आजही फीच्या आधी खोलीचे भाडे आणि मेसचा खर्च मोजावा लागतो.

शिक्षणाच्या नव्या योजना आखणाऱ्यांनी म्हणूनच पंजाबरावांचा क्रम ध्यानात ठेवावा. मूल कोणत्या वर्गात बसेल, हे ठरवण्याआधी ते रात्री कुठे झोपेल आणि काय जेवेल, हे आधी ठरले पाहिजे.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)