हिमनग शोधणारा रडार आणि आपला महापूर

पावसाळा लागला की बावड्यात एकच प्रश्न : "राजाराम बंधाऱ्यावर पाणी किती फूट झालं?" ३९ फुटांवर इशारा, ४३ वर धोका, हे इथल्या शाळकरी पोरालाही पाठ. पण पाणी शिवारात कुठंवर पसरलं हे फूटपट्टी सांगत नाही. ते आता उपग्रहावरचा रडार सांगतो. असाच रडार उत्तर अटलांटिकात हिमनग शोधतो.

१४ एप्रिल १९१२ च्या रात्री टायटॅनिक हिमनगावर आदळली, दीड हजार माणसं गेली. त्यानंतर त्या समुद्रात आंतरराष्ट्रीय पहारा बसला. आधी जहाजं, दुसऱ्या महायुद्धानंतर विमानं. धुकं मात्र दोघांनाही आडवं यायचं. १९७८ ला अमेरिकेनं 'सीसॅट' सोडला. बिचारा साडेतीन महिन्यांत बंद पडला, पण ढग असो, रात्र असो, रडारला वरून समुद्र दिसतो हे दाखवून गेला. १९९५ ला कॅनडाचा 'रडारसॅट' आला, तो मुख्यतः बर्फावर नजर ठेवायलाच.

रडार स्वतः लहरी सोडतो आणि परत येतील तेवढ्या टिपतो. हिमनगावरून भरपूर परततात, म्हणून तो पांढरा ठिपका दिसतो. (जहाजही ठिपकाच दिसतं, आणि खवळलेल्या लाटाही चमकतात. फसगत होते.) पुराचं उलटं. संथ पाण्यावरून लहरी पलीकडं निसटतात, म्हणून पाणी काळं दिसतं. २०१९ ला पंचगंगा ५५ फुटांवर गेली, २०२१ ला ५६ च्या वर. तेव्हा आभाळ गच्च होतं, साध्या कॅमेऱ्याला नुसते ढगच दिसले असते. हैदराबादच्या राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्रानं पुराचे नकाशे काढले ते रडारच्या जोरावर.

आता आपल्या मुद्द्याचं. आपल्याकडं पुरात बुडतो तो ऊस. पुरुषभर उंच, दाट उसाच्या बुडात पाणी तुंबलं, तर नेहमीच्या रडारच्या आखूड लहरी पाल्यावरूनच माघारी येतात. नकाशात ते रान कोरडं दिसू शकतं, खाली मुळं कुजत असली तरी! भरपाई अशा नकाशावर ठरवायची म्हटली तर पहिला मरणार ऊसवाला. ३० जुलै २०२५ ला इस्रो आणि नासाचा 'निसार' गेलाय. त्याच्या लांब लहरी पाल्यातून बऱ्याच आत शिरतात, पण तोही त्याच जागेवरून १२ दिवसांनी जातो. आपली नदी एका रात्रीत चढते.

नकाशे जरूर वापरा. पण उसाच्या पंचनाम्याला तलाठी बांधावर आलाच पाहिजे, आणि ही मागणी पूर यायच्या आधी ग्रामसभेत लेखी गेली पाहिजे.