तीन लाख उल्लेखांचा शोधनिबंध

हल्ली नेमणूक असो की बढती, शास्त्रज्ञाला विचारतात, ‘तुमचे उल्लेख किती?’ आता हा आकडा काय मोजतो ते बघू या. पेशी फोडल्या की प्रयोगशाळेत पहिला प्रश्न पडतो, नमुन्यात प्रथिनं किती? १९५१ साली अमेरिकेत सेंट लुईसला ऑलिव्हर लाउरी आणि सहकाऱ्यांनी त्याची सोपी रीत छापली. तांब्याचा क्षार, मग फोलिनचं द्रावण. निळा रंग जितका गडद, तितकी प्रथिनं जास्त. बस, एवढंच! २०१४पर्यंत त्याचे उल्लेख तीन लाखांवर गेले. आणि वॉटसन-क्रिक यांचा डीएनएच्या रचनेवरचा १९५३चा निबंध? तो पहिल्या शंभरातसुद्धा नव्हता. आपला निबंध काही थोर नाही, हे लाउरींनी स्वतःच कबूल केलं होतं. मनातून मात्र खूश होते, तेही सांगून टाकलं!