खाटेपर्यंत पोहोचणारा प्रसाद

सप्ता झाला की घरातून निघू न शकणाऱ्या म्हातारीसाठी आपण काल्याचा प्रसाद पदरात बांधून आणतो ना? ख्रिस्ती घरांतही असंच एक काम आहे. ते कोणी करायचं, याचा इतिहास मोठा आहे.

चर्चमधल्या उपासनेत पवित्र केलेली भाकर देतात, तिला कम्युनियन म्हणतात. कॅथलिक श्रद्धेत तो नुसता प्रसाद नाही, प्रत्यक्ष येशूच.

सुरुवातीला लोक ती घरी नेत. इ.स. २०० च्या सुमारास तर्तुलियन नावाच्या लेखकाने एका अडचणीबद्दल लिहिलं: नवरा ख्रिस्ती नसेल, तर बायको सकाळी सगळ्यांच्या आधी गुपचूप काय खाते, हे त्याला काय सांगणार? म्हणजे घास बायकांच्याच हाती होता.

पुढे अलेक्झांड्रियात सेरापियन नावाचा म्हातारा मरणपंथाला लागला. छळाच्या दिवसांत त्याने मूर्तीला बळी वाहिला होता, म्हणून त्याला मंडळीत परत घेत नव्हते. रात्री त्याने नातवाला धर्मगुरूंकडे धाडलं. धर्मगुरू स्वतःच आजारी! त्यांनी तुकडा पोराच्याच हातात दिला आणि सांगितलं, भिजवून आजोबांच्या तोंडात घाल. घास गिळला आणि आजोबा गेले. मला तर ही गोष्ट फार मोलाची वाटते.

मध्ययुगात मात्र चर्चच्या सभांनी बजावलं, की आजाऱ्याकडे नेण्यासाठी हे सामान्य माणसाच्या किंवा बाईच्या हाती देऊ नये. असं बजावावं लागलं, म्हणजे तोवर बायका नेत होत्याच, नाही का?

ही वाट पुन्हा उघडायला १९७३ साल उजाडलं. पोप सहावे पॉल यांच्या काळात रोमहून पत्रक निघालं: धर्मगुरू कमी पडत असतील, तर बिशपांच्या परवानगीने प्रापंचिक माणसांनी, बायकांनीसुद्धा, कम्युनियन न्यावं. आपला यवतमाळ जिल्हा ज्यात येतो तो अमरावती धर्मप्रांत १९५५ चा. एवढ्या लांबलांबच्या गावांना याचा उपयोग सांगायलाच नको.

लहानशा डबीत ठेवून, वाटेत कुठे न थांबता ते नेतात. घरी स्वच्छ कापड, मेणबत्ती, थोडी प्रार्थना.

आणखी एक. कम्युनियनआधी तासभर काही खायचं नसतं; १९५३ पूर्वी तर मध्यरात्रीपासून पाणीही चालत नसे. त्या पत्रकाने आजाऱ्यासाठी हा वेळ पाव तासावर आणला. तीच सवलत उशापाशी बसून त्याचं करणाऱ्या माणसालाही दिली, म्हणजे बहुतेक घरांत सुनेला, नाहीतर लेकीला.