बर्लिनमध्ये छापलेली, मनिलात वाचलेली कादंबरी

परदेशात बसून मायदेशावर कादंबरी लिहिणे कठीण. ती मायदेशीच्या वाचकापर्यंत पोहोचविणे त्याहून कठीण. फिलिपिन्सचे राष्ट्रपुरुष होसे रिझाल (१८६१-१८९६) यांना ह्या दोन्ही कसोट्यांना उतरावे लागले.

येशूसंघीयांच्या विद्यालयात शिकलेला हा कॅथलिक तरुण १८८२ साली पुढील शिक्षणासाठी स्पेनला गेला. फिलिपिन्सवर तेव्हा स्पेनची सत्ता होती आणि गावोगावी स्पॅनिश मठवासी धर्मगुरूंचा शब्द अखेरचा मानला जाई. ह्या परिस्थितीचे चित्रण करणारी ‘नोली मे तांगेरे’ ही कादंबरी रिझाल यांनी माद्रिदमध्ये लिहावयास घेतली आणि बर्लिनमध्ये पूर्ण केली. पुनरुत्थित प्रभूने मग्दालिया मरियेला उद्देशून काढलेल्या उद्गारावरून तिचे नाव घेतले आहे.

मनिलात असे पुस्तक छापणे सेन्सॉरमुळे अशक्यच होते. बर्लिनमध्ये मुद्रणस्वातंत्र्य होते, पण लेखकाचा खिसा रिकामा होता. अखेर माक्सिमो व्हियोला ह्या मित्राने ३०० पेसो उसने दिले. खर्च वाचावा म्हणून एक संपूर्ण प्रकरण गाळण्यात आले आणि मार्च १८८७ मध्ये २,००० प्रती छापून झाल्या.

त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये रिझाल मायदेशी परतले. मनिलाच्या आर्चबिशपांनी सांतो तोमास विद्यापीठाच्या समितीकडे पुस्तक तपासावयास दिले. समितीने ते पाखंडी ठरविले, सरकारी सेन्सॉर मंडळाने बंदीची शिफारस केली. फादर होसे रोद्रिगेझ यांनी तर हे पुस्तक वाचणे प्राणघातक पाप असल्याचे पत्रकांतून सांगितले. परंतु रिझाल यांच्या बाजूने लेखणी उचलणाराही एक धर्मगुरूच होता. मनिला कॅथेड्रलचे वयोवृद्ध फिलिपिनो धर्मगुरू व्हिसेंते गार्सिया यांनी टोपणनावाने उत्तर दिले, की कादंबरीचा रोख श्रद्धेवर नसून अधिकाराचा गैरवापर करणाऱ्यांवर आहे. आणि वाचणे हे पाप असेल, तर फादर रोद्रिगेझ यांनीही ते केलेच आहे!

दुसरी कादंबरी ‘एल फिलिबुस्तेरिस्मो’ १८९१ साली बेल्जियममधील गेंट येथे छापली गेली. पैसे संपल्याने छपाई मध्येच थांबली होती. व्हालेंतिन व्हेंतुरा ह्या देशबांधवाने मदत केली. १८७२ साली देहदंड झालेल्या गोमेझ, बुर्गोस व झामोरा ह्या तीन फिलिपिनो धर्मगुरूंना ती अर्पण केलेली आहे. बंदी असलेली ही पुस्तके चोरून मायदेशी पाठविण्याचे जोखमीचे काम हाँगकाँगमध्ये राहणारे होसे मारिया बासा यांच्यासारख्या हद्दपार स्नेह्यांनी केले.

तरीही एक भिंत उरलीच. दोन्ही कादंबऱ्या स्पॅनिशमध्ये होत्या आणि ती भाषा जाणणारे फिलिपिनो फार थोडे होते. हे उमगल्यावर रिझाल यांनी तिसरी कादंबरी मातृभाषेत, म्हणजे तागालोगमध्ये, लिहावयास घेतली. पण ज्या भाषेत फारसे लेखन केले नव्हते, ती लेखणीतून सहज उतरेना. ती कादंबरी अपुरीच राहिली.

३० डिसेंबर १८९६ रोजी मनिलात रिझाल यांना गोळ्या घालून ठार करण्यात आले. साठ वर्षांनी, १९५६ साली, स्वतंत्र फिलिपिन्सने ह्या कादंबऱ्यांचा अभ्यास कायद्याने शिक्षणात आणला. तेथील बिशपांनी ह्या विधेयकाला कडाडून विरोध केला होता. म्हणून श्रद्धेच्या कारणास्तव सूट मागण्याची तरतूद कायद्यात करण्यात आली.

पुस्तक छापून झाले म्हणजे ते प्रकाशित झाले, असे आपण समजतो. रिझाल यांच्या पुस्तकांची कहाणी निराळे सांगते. उसने पैसे देणारा मित्र, लपवून प्रती धाडणारे स्नेही, निर्भयपणे बाजू मांडणारा म्हातारा धर्मगुरू: एवढ्यांचे हात लागले, तेव्हा ती घरी पोहोचली. आज आपल्याही घराघरांतील मुले परदेशी आहेत. त्यांच्यापैकी कोणी मराठीत लिहून पाठविले, तर ते वाचणारे हात इथे असावेत, एवढी जबाबदारी आपली.